आधी त्याची टेस्ट करा, मग तिची फाईल उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत वंध्यत्वावर अख्खं पान आलं होतं ते वाचलं. खरं तर दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं आपल्या नजरेतून एखादा कॉलम सुटला असेल. सुटला नव्हता. बाईचं वय, बाईचं वजन, पाळी, थायरॉइड, पीसीओडी, बंद नळ्या, गर्भाशयाचं अस्तर, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची टेस्ट), मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, आणि पार तळाशी एका ओळीत काय तर काही वेळा पुरुषातही दोष असू शकतो. फोटोत पण एकटी बाई, खिडकीशी बसलेली. नवरा बहुतेक फोटो काढत असावा.

मी अँड्रॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणजे सरळ सांगायचं तर वीर्याचे सॅम्पल तपासते, धुते, गोठवते आणि आयव्हीएफसाठी तयार करून देते, बरीच वर्षं हेच करतेय. त्यामुळे ते "काही वेळा" मला चांगलंच टोचलं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाचा वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी बायकोच्या कारणासोबत मिळून. हे काही माझं मत नाही, या विषयातला कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. आणि हा विषय चार घरांपुरता पण नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) २०२३ साली सगळा हिशोब मांडला तेव्हा जगातल्या मोठ्या माणसांपैकी साडेसतरा टक्के, म्हणजे सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न येतो असं निघालं. सहातला एक. मग त्यातल्या निम्म्या गोष्टीला एक ओळ?

आता मी रोज काय बघते ते सांगते. जोडपं येतं, तिच्या हातात फाईल असते, जाड, रबरबँड लावलेली. त्यात पाच-पाच वेळा केलेली सोनोग्राफी, हार्मोनच्या टेस्ट, नळ्यांचा एक्स-रे जो करताना बाईच्या पोटात चांगलीच कळ येते, कधी लॅप्रोस्कोपी पण झालेली असते, म्हणजे भूल देऊन पोटाला भोकं पाडून आत बघून झालंय. आणि त्या एवढ्या जाड फाईलमध्ये नवऱ्याचा एक कागद नसतो. एक! विचारलं की म्हणतात, नाही यांचं सगळं ठीक आहे. कसं कळलं? तर यांना काही त्रास नाही. अहो, शुक्राणू कमी असले की कुठे दुखत नाही, ताप येत नाही, संबंधात काही फरक पडत नाही, वीर्य दिसायला पण तसंच असतं कारण त्यातला बहुतेक भाग हा बाकीच्या ग्रंथींमधला द्रव असतो, शुक्राणूंचा हिस्सा अगदी थोडा. एकही शुक्राणू नसलेला माणूस तब्येतीने ठणठणीत असू शकतो, अंगात ताकद असू शकते, दाढीमिशी असू शकते. मर्दानगी आणि काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, यांचा एकमेकांशी संबंध लावणं आधी बंद झालं पाहिजे, निम्मा घोळ तिथेच आहे.

गंमत बघा, या सगळ्या भानगडीत सगळ्यात सोपी टेस्ट त्याचीच आहे. सुई नाही, भूल नाही, उपाशी राहायचं नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, एका स्वच्छ डबीत सॅम्पल द्यायचं, घरून आणलं तर तासाभरात पोचवायचं आणि खिशात अंगाजवळ ठेवायचं म्हणजे गार पडत नाही. बास. आम्ही ते ३७ अंशावर ठेवतो, अर्ध्या तासात ते पातळ होतं, मग मोजणीच्या चौकटीवर थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघायचं. शुक्राणू माणसाला दिसले कधी माहितीये का? १६७७ साली, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज दिसायला त्यानंतर दीडशे वर्षं लागली, १८२७ मध्ये फॉन बेअर या शास्त्रज्ञाला कुत्रीच्या बीजकोशात दिसलं. म्हणजे जे आधी दिसलं, जे बघायला सोपं, ते आपण शेवटी बघतो आणि जे बघायला शरीरात शिरावं लागतं ते आधी. याला वैद्यकीय कारण काही नाही, नवऱ्याला कोणी सांगायचं एवढाच प्रश्न आहे.

एक तर तो येतच नाही. बायको डबी घेऊन येते, पर्समध्ये रुमालात गुंडाळून, आणि माझ्या टेबलावर ठेवताना तीच लाजते. रिपोर्ट न्यायला पण तीच. आणि रिपोर्ट जर वाईट असेल तर तीच मला विचारते की मॅडम, हे यांना कसं सांगू. एकीने विचारलं होतं की तुम्ही नुसतं नॉर्मल लिहून द्याल का, औषधं मी त्यांना व्हिटॅमिन म्हणून देईन. मी नाही म्हटलं अर्थातच. पण तिचा राग नाही आला, ती ज्या घरात परत जाणार होती तिथे दोष तिचा असणंच सगळ्यांना सोयीचं होतं, तिला सुद्धा. पुरुष स्वतः येतात त्यांचं वेगळंच, खिडकीशी मी आहे म्हटल्यावर दोन पावलं मागे जातात, कोणी जेन्ट्स नाहीत का विचारतात, मग डबी घेऊन मान खाली घालून त्या खोलीत जातात. मला त्यांची कीव येते खरं सांगते. ती खोली पण बहुतेक ठिकाणी अशी असते की कॉरिडॉरच्या मधोमध, बाहेर खुर्च्यांवर लोक बसलेले, आत गेलेला माणूस कशासाठी गेलाय ते सगळ्यांना माहीत. ज्याने ती खोली तिथे ठेवली त्याला स्वतः कधी आत जायची वेळ आली नसणार.

बरं रिपोर्ट हातात आला की पुढचा गोंधळ. काउंट एका मिलिलिटरला तीन कोटी आहे म्हटलं की माणूस खुश, तीन कोटी म्हणजे केवढे, एकच तर लागतो. आणि त्याच कागदावर खाली लिहिलेलं असतं की नॉर्मल आकाराचे फक्त पाच टक्के, की लगेच चेहरा उतरतो, म्हणजे पंच्याण्णव टक्के खराब का? दोन्ही चूक. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालच्या मर्यादा दिल्यात त्या अशा, मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, संपूर्ण सॅम्पलमध्ये ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरळ जाणारे ३० टक्के, आणि चांगल्या आकाराचे चार टक्के. हो, चारच. माणसाच्या शुक्राणूंमध्ये वेड्यावाकड्या डोक्याचे, दोन शेपट्यांचे भरपूर असतात आणि तरी पोरं होतात. आणि हे आकडे काढले कुठून, तर ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे सॅम्पल घेऊन, त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खाली असलेले पण बाप झालेत, आणि रेघेच्या वर आहे म्हणून होईलच अशी गॅरंटी पण नाही. कागदावर नॉर्मल छापलं की नवरा सुटला आणि लो छापलं की संपला, असं ते नसतं.

अजून एक, एका रिपोर्टवरून काहीच ठरवू नका. त्याच माणसाचं सॅम्पल आज वेगळं आणि महिन्याने वेगळं येतं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, बाहेर यायला वरचे काही दिवस, म्हणजे आज जे डबीत आलंय ते तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचं आहे. तेव्हा जोरात ताप आला होता का? मग काउंट पडलेला असू शकतो, घाबरायचं कारण नाही, थांबून परत करा. म्हणूनच मी म्हणते की ही टेस्ट पहिल्या दिवशी करा, कारण खराब आली तर परत करायला वेळ लागतोच आणि तो वेळ तिच्या वयातून जातो. पुरवणीत बाईच्या वयाबद्दल लिहिलंय ते खरंच आहे, पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही उतरत जातात, त्याच्यावर औषध नाही. वर्षभर प्रयत्न करून नाही झालं तर डॉक्टरकडे जावं, आणि ती पस्तिशीच्या पुढे असेल तर सहाच महिने थांबावं असं सांगतात ते त्यासाठीच. मग तिची घाई आहे म्हणून तिच्यावर वर्ष-दीड वर्ष उपचार करायचे, गोळ्या द्यायच्या, फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) मोजायचे, आणि दीड वर्षाने नवऱ्याचा कागद आला तर त्यावर निल. तिची ती दीड वर्षं कोण भरून देणार?

निल म्हणजे एझूस्पर्मिया, एकही शुक्राणू नाही. मूल होत नसलेल्या पुरुषांमध्ये शंभरातल्या दहा ते पंधरा जणांना हा असतो, तेवढा काही दुर्मिळ नाही. पण निल आला म्हणजे दार बंद झालं असंही नाही आणि लोक तिथेच कोसळतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. काही जणांच्या आत शुक्राणू व्यवस्थित तयार होत असतात फक्त बाहेर यायचा रस्ता बंद असतो, जुन्या इन्फेक्शनमुळे, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये नळीला धक्का लागल्यामुळे, किंवा जन्मापासून नळीच नसते, अशा वेळी सुईने थेट काढता येतात. डायबेटिस असलेल्या काहींमध्ये वीर्य पुढे यायच्या ऐवजी मागे लघवीच्या पिशवीत जातं, डबीत थेंबभर पण येत नाही आणि मग लघवीत शुक्राणू सापडतात, त्यातून काम होऊ शकतं. काहींत मेंदूकडून वृषणाला जे हार्मोन जायला पाहिजेत तेच जात नाहीत, त्याला इंजेक्शनं आहेत आणि ती लागू पडतात, थोडा धीर लागतो. आणि ज्यांच्यात कारखानाच मंद आहे त्यांच्यासाठी १९९० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या डॉ. पीटर श्लेगल यांनी मायक्रो-टेसे नावाची पद्धत आणली, मायक्रोस्कोपखाली वृषणातल्या बारीक नळ्या बघत बघत जी फुगीर दिसते ती उचलायची. अशा पुरुषांपैकी साधारण निम्म्यांत थोडे का होईना शुक्राणू मिळतात. त्याच्या आधी रक्तातून गुणसूत्रं आणि फक्त पुरुषांत असलेल्या वाय गुणसूत्राची तपासणी करायला हवी, कारण वायचे काही तुकडे गळालेले असले तर कितीही शोधलं तरी मिळत नाहीत, मग ऑपरेशन कशाला करायचं, आणि एक प्रकार असा आहे की त्यात मिळतात पण मुलगा झाला तर हाच प्रॉब्लेम त्याच्याकडे जाणार, हे जोडप्याला आधीच माहीत पाहिजे. हे सगळं निदान एका डबीपासून सुरू होतं.

तपासणी म्हणजे नुसती डबी पण नाही हं. डॉक्टरने हाताने तपासलं पाहिजे, याला पुरुष अजूनच घाबरतात. वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात त्याला व्हेरिकोसील म्हणतात, बहुतेकदा डाव्या बाजूला, सर्वसाधारण पुरुषांत पंधरा टक्क्यांच्या आसपास आणि मूल होत नसलेल्यांत त्याच्या दुपटीहून जास्त. हाताला लागणारा असेल आणि काउंट कमी असेल तर ऑपरेशनने फायदा होऊ शकतो. शिवाय हाताने तपासताना कधी कधी गाठ सापडते. वृषणाचा कॅन्सर तरुण वयात होतो आणि ज्यांचं सॅम्पल खराब आहे त्यांच्यात तो थोडा जास्त आढळतो, लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. म्हणजे बायकोसाठी नाही तर स्वतःच्या जिवासाठी तरी या.

जिमवाल्यांसाठी तर वेगळं पान काढा तुम्ही. अंग कमावलेला, रुबाबदार मुलगा, सॅम्पल बघितलं तर रिकामं. विचारलं तर आधी नाही म्हणतो, मग हळूच सांगतो की टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय. लोकांना वाटतं पुरुषी हार्मोन आहे म्हणजे शुक्राणू वाढतील, होतं नेमकं उलटं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू समजतो भरपूर आहे आणि वृषणाला हुकूम देणंच बंद करतो, आतलं उत्पादन ठप्प. हे इतकं पक्कं आहे की डब्ल्यूएचओने याच टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती आणि ती बऱ्यापैकी यशस्वी झाली होती! बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात पण काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थकवा वाटतो म्हणून काही डॉक्टरच मूल हवं असलेल्या पुरुषाला हे लिहून देतात.

तसंच त्या शक्तिवर्धक पावडरी आणि काउंट वाढवायच्या गोळ्या. तुमच्याच पुरवणीच्या मागच्या पानावर एकीची जाहिरात होती, असो. २०२० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, २,३७० जोडपी, त्यातल्या निम्म्या पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं, निम्म्यांना नुसती साखरेसारखी गोळी. ना सॅम्पल सुधारलं, ना जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली, गोळी घेणाऱ्यांची पोटं मात्र जास्त बिघडली. त्यापेक्षा सिगरेट सोडा, वजन उतरवा, गरम पाण्याच्या टबात बसणं आणि मांडीवर लॅपटॉप ठेवणं टाळा, वृषण शरीराबाहेर असतात ते उगाच नाही, त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश गार लागतं. हे सगळं फुकट आहे म्हणून त्याची जाहिरात येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आयव्हीएफ निघालं ते बंद नळ्यांसाठी. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईझ ब्राऊन जन्मली, तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या, म्हणून बीज बाहेर काढून बशीत फलित केलं. (जाता जाता, ते करणारे स्टेप्टो आणि एडवर्ड्स सगळ्यांना माहीत आहेत, एडवर्ड्सना २०१० चं नोबेल पण मिळालं, पण तो गर्भ मायक्रोस्कोपखाली वाढताना पहिल्यांदा पाहणारी जीन पर्डी, लॅब सांभाळणारी, तिचं नाव हॉस्पिटलच्या जुन्या पाटीवर घातलंच नव्हतं, एडवर्ड्स स्वतः मागे लागले होते तरी. लॅबवाल्यांचं हे असंच असतं.) पण ज्यांच्या शुक्राणूंत दम नव्हता त्यांना या बशीचा उपयोग नव्हता. मग १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या जानपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्सी आणलं, एका बीजात एक शुक्राणू सुईने सोडायचा. मी रोज शेजारी बसून बघते तरी अजून नवल वाटतं. बीज म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा काचेसारखा गोल, एका पोकळ नळीने अलगद ओढून धरायचा, दुसऱ्या बाजूने केसाहून बारीक सुई, तिच्यात एकच शुक्राणू, आधी त्याची शेपटी सुईनेच दाबून थांबवलेली असते. सुई आत शिरताना बीजाची भिंत खूप आतपर्यंत ताणली जाते, वाटतं आता फुटतंय, आणि मग पटकन सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात दोन गोल केंद्रकं शेजारीशेजारी दिसली म्हणजे जमलं, एक तिचं, एक त्याचं.

म्हणजे काय झालं बघा. काउंट त्याचा कमी, पण उपचार सगळे तिच्यावर. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं तिने घ्यायची, दर दोन दिवसांनी रक्त आणि सोनोग्राफी तिची, बीज काढायला भूल तिला, पोट फुगून पाणी साठायचा धोका तिला, नंतर गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन हार्मोन तिला, आणि एवढं करून नाही राहिलं तर घरचे म्हणणार हिला राहत नाही. त्याने काय करायचं, तर पिकअपच्या, म्हणजे बीज काढायच्या दिवशी सकाळी एक डबी. इक्सीने हजारो पुरुषांना बाप केलं, मी त्याच्या विरोधात मुळीच नाही, माझं पोटच त्यावर आहे. पण इक्सी आल्यापासून त्याला तपासायची गरजच संपली असं वागतात लोक. एक शुक्राणू मिळाला ना, मग का कमी आहेत कशाला बघायचं, टाका सुईने. व्हेरिकोसील तसाच, सिगरेट तशीच, इंजेक्शनं तशीच, आणि तिचा दुसरा सायकल, तिसरा सायकल. कारण शोधून तीन-सहा महिन्यांत सॅम्पल सुधारलं असतं तर कदाचित साध्या आययूआयवर, म्हणजे धुतलेलं वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्यावर, भागलं असतं, किंवा काहीच लागलं नसतं. आणि ज्यांच्या नवऱ्याचं सॅम्पल व्यवस्थित आहे त्यांनाही सर्रास इक्सी करतात, त्याचाही फायदा दिसत नाही, व्हिएतनाममध्ये अशा हजाराहून जास्त जोडप्यांवर केलेला अभ्यास २०२१ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय, साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीने जिवंत बाळं काही खास वाढली नाहीत.

आणि ती एक डबी पण किती अवघड होऊन बसते ते सांगते. पिकअप झालंय, ती रिकव्हरीत झोपलीय, तिची बीजं इन्क्युबेटरमध्ये, घड्याळ चालू, आणि तो त्या कॉरिडॉरमधल्या खोलीत, होत नाहीये. अर्धा तास, तास. बाहेर येतो, घामाघूम, पाणी पितो, परत आत. कोणी काही बोलत नाही पण सगळी लॅब त्याच्यासाठी थांबलीय हे त्याला कळतंच. असं कोणाचंही होऊ शकतं, धट्ट्याकट्ट्या माणसाचं पण, त्यात लाज कसली, पण त्याला आधी कोणी सांगितलेलंच नसतं. याला उपाय सोपा आहे, आधीच एखादं सॅम्पल गोठवून ठेवायचं. माणसाच्या गोठवलेल्या शुक्राणूंपासून गर्भ राहिल्याला सत्तर वर्षं होऊन गेली, १९५३ ची गोष्ट ती. हेच कॅन्सरच्या पेशंटना पण सांगायला हवं, किमोच्या आधी दोन-तीन सॅम्पल ठेवून द्या, नंतर शुक्राणू येतील न येतील. अविवाहित पोरांना तर हे कोणी विचारतच नाही, आईवडील समोर असतात म्हणून डॉक्टर पण गप्प बसतात.

कधी कधी शोधून शोधून पण मिळत नाही. मग डोनर, किंवा दत्तक, किंवा दोघंच राहू असं ठरवणारे पण आहेत आणि ते काही कमी सुखी दिसत नाहीत मला. डोनरबद्दल एक जुनी गोष्ट सांगते, ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. १८८४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला पॅनकोस्ट नावाच्या डॉक्टरांकडे एक जोडपं आलं, बाईच्या सगळ्या तपासण्या झाल्या, ती निर्दोष, मग कळलं नवऱ्याचा निल आहे. डॉक्टरांनी काय केलं, तिला क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध केलं आणि एका विद्यार्थ्याचं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडलं. तिला सांगितलं नाही. नवऱ्याला पण नंतर सांगितलं, आणि त्याने विनंती केली की हिला कधीच कळू देऊ नका. तिला मुलगा झाला. ही हकिगत १९०९ मध्ये बाहेर आली तीही त्या खोलीत हजर असलेल्या एका डॉक्टरने लिहिली म्हणून. आधी तिच्या सगळ्या तपासण्या, मग त्याची, आणि त्याचं गुपित राहावं म्हणून तिच्या शरीरावर तिला न विचारता उपचार. आज बेशुद्ध करून कोणी करत नाही, सह्या घेतात, पण क्रम तोच राहिलाय.

गुपिताचंच बोलायचं तर डोनरची गोष्ट मुलापासून लपवायची का हा प्रश्न मला खूप जण विचारतात, खरं तर माझं ते काम नाही, समुपदेशकाचं आहे. मला वाटतं लपवू नये. स्वीडनने १९८५ पासूनच अशा मुलांना मोठं झाल्यावर डोनर कोण ते जाणून घ्यायचा हक्क दिला, ब्रिटनने २००५ पासून. आणि आता घरबसल्या लाळेची टेस्ट करून माणसं लांबचे नातेवाईक शोधतात, तेव्हा लपून राहील या भरवशावर कोणी राहू नये. तिशीत कुठून तरी कळण्यापेक्षा पाचव्या वर्षी आईबापाकडून गोष्टीसारखं कळलेलं बरं.

या पत्रातून पुरुषांना झोडपायचं माझ्या मनात नाही. निलचा कागद बघून जिन्यात जाऊन बसलेली माणसं पाहिलीत मी. तिच्याजवळ रडायला बहीण असते, मैत्रीण असते, वेटिंगमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई सुद्धा तिचा हात धरते, याला कोणी नसतं, कारण याने कोणाला सांगितलंच नाही आणि तुमच्यासारखी वर्तमानपत्रं त्याच्याशी या विषयावर बोलतच नाहीत. त्याला वाटतं असा आपण एकटेच. बायकांसाठी लिहिलेलं पान तो वाचत नाही, मग त्याला कळणार कुठून?

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वेळी पान काढाल तेव्हा ते पुरुषांना उद्देशून काढा, आरोग्य पुरवणीत नाही तर खेळाच्या पानाशेजारी छापा, तिथे वाचतील. त्यात एवढं तरी स्पष्ट येऊ द्या की दोघांनी डॉक्टरकडे एकत्र जायचं आणि बायकोच्या नळ्यांचा एक्स-रे, लॅप्रोस्कोपी असलं काही करायच्या आधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालीच पाहिजे, खराब आली तर मध्ये काही आठवडे सोडून परत करायची, आणि निल किंवा फारच कमी असेल तर थेट आयव्हीएफचं पॅकेज न घेता आधी अँड्रॉलॉजिस्ट किंवा या कामातला युरोलॉजिस्ट गाठायचा. टेस्टोस्टेरॉनचं ठळक अक्षरात टाका. लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजले होते, हर्नियाचं ऑपरेशन झालंय, किंवा आतड्याच्या सुजेवर सल्फासालाझिन नावाचं औषध चालू आहे, यातलं काही असेल तर डॉक्टरने विचारायची वाट न बघता आपणहून सांगायचं हेही टाका. गोळ्या-पावडरींची जाहिरात त्याच पानावर घेऊ नका एवढं मात्र बघा, जाहिरात विभागाशी तुमचं काय होईल ते होवो.

प्रश्नोत्तराचं सदर सुरू करणार असाल तर नाव न देता प्रश्न पाठवायची सोय ठेवा, नाहीतर पुरुषाचा एकही प्रश्न येणार नाही हे मी आत्ताच लिहून देते. उत्तरं देणारे डॉक्टर तुम्हाला मिळतील, सॅम्पल कसं द्यायचं, कसं आणायचं असल्या बारीक गोष्टींची उत्तरं लॅबवाल्यांकडून घ्या, डॉक्टरांना त्या माहीत असतातच असं नाही. माझी मदत लागली तर मी तयार आहे, पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडलाय, तो छापू नये. पत्र लांबलंय, कापलं तरी चालेल, पण टेस्टोस्टेरॉनचा परिच्छेद कापू नका.

आपली,
एक लॅब टेक्निशियन